गिरणगावातील खाणावळी आणि अन्नपूर्णा महिला मंडळ

संस्थेच्या इतिहासाचा आरंभ तिच्या स्थापनेच्या दिवसापासून करावा असा शिरस्ता आहे. परंतु अन्नपूर्णा महिला मंडळाच्या बाबतीत तो पाळला, तर इतिहासाचा अर्धा भाग बाहेरच राहील. मंडळाची स्थापना १९७५ साली झाली. त्यापूर्वी कित्येक पिढ्या ज्या व्यवसायाने मुंबईच्या गिरणी कामगाराला दोन वेळा जेवू घातले, त्या व्यवसायाची घडण, आणि विशेषतः त्यातील पैशाची ये-जा, समजून घेतल्याशिवाय चौदा बायकांनी एका बँकेकडून स्वतःच्या नावावर कर्ज घेतले ह्या घटनेचे महत्त्व वाचकाच्या ध्यानात येणार नाही. म्हणून प्रथम खाणावळीविषयी.

कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची उभारणी आरंभली, आणि पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवीपर्यंत धुराड्यांचे जे रान उभे राहिले, त्याला लागणारी माणसे मुख्यत्वे कोकणातून आणि सातारा-पुणे ह्या घाटमाथ्यावरील जिल्ह्यांतून आली. ती आली ती एकटी. शेतीचा तुकडा, म्हातारे आईबाप, बायको आणि मुले गावी ठेवून आलेला हा पुरुष चाळीतील दहा बाय दहाच्या गाळ्यात इतर दहाबारा जणांच्या सोबतीने राही. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीचा माणूस अंग टाकी. निजण्याची सोय अशी झाली, तरी जेवणाची सोय अशी वाटून घेता येत नाही. चूल पेटवायला जागा, वेळ आणि हात हे तिन्ही लागतात, आणि ह्या माणसांपाशी तिहींपैकी एकही नव्हते. त्याच चाळीत संसार थाटून राहिलेल्या, बहुधा त्याच गावच्या अथवा त्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या बाईने आपल्या कुटुंबाच्या स्वयंपाकात ह्या माणसांच्या भाकऱ्या थापण्यास सुरुवात केली, आणि गिरणगावातील खाणावळ जन्मास आली.

ह्या व्यवसायाकडे बायका वळण्याचे आणखी एक कारण होते, आणि त्याची नोंद गिरण्यांच्या इतिहासात जितकी ठळकपणे व्हावयास हवी तितकी झालेली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री असे. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती तर जवळजवळ बायकांचीच होती. रात्रीच्या कामावरील बंदी, १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा आणि त्यामुळे मालकांवर आलेला खर्च, आणि सर्वांत अधिक म्हणजे यंत्रांच्या सुधारणेबरोबर केलेली कामगारकपात, ह्या कारणांनी हे प्रमाण उतरत गेले आणि साठ-सत्तरच्या दशकांत ते नगण्य झाले. जे कायदे स्त्रीच्या हिताचे म्हणून झाले, त्यांचा भार तिच्याच नोकरीवर पडावा हा त्या काळाचा मोठा अन्याय होय. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडलेल्या ह्या बायकांपैकी कित्येकींनी, तशीच ज्यांचे पती अपघातात वा क्षयाने गेले अथवा पगार दारूच्या गुत्त्यावर ठेवून घरी येत अशा बायकांनी, खाणावळ हाच आपला आधार केला.

खाणावळवालीचा दिवस पहिल्या पाळीच्या आधी सुरू होई. पहाटे तीनसाडेतीनला नळावर पाणी भरणे, स्टोव्ह आणि शेगडी पेटवणे, सात वाजता फाटकात शिरणाऱ्यांचे डबे भरणे, दुपारी डबेवाल्याकडे वा मुलांकडे गिरणीत डबे धाडणे, दुसऱ्या पाळीवर जाणाऱ्यांची ताटे मांडणे, दुपारी दळण आणि बाजार, संध्याकाळी पहिल्या पाळीची पंगत आणि मध्यरात्री दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्याचे झाकून ठेवलेले ताट. रविवारी मटणाचा बेत चुकला, तर माणसे दुसऱ्या खाणावळीत जात, म्हणून तो चुकवून चालत नसे. कोण आजारी आहे, कोणाच्या घरून वाईट पत्र आले आहे, कोणाला भात चालत नाही, हे सारे तिच्या ध्यानात असे. ह्या कष्टांविषयी लिहिणाऱ्यांनी तिला आईची उपमा दिली, आणि ती उपमा खोटी नाही. परंतु त्या उपमेने एक गोष्ट झाकली गेली, ती ही की ही बाई एक व्यापार करीत होती, आणि तो व्यापार मुळात पतपुरवठ्याचा होता.

हे विधान थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. गिरणीचा पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर काही दिवसांनी. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना महिना सरल्यानंतर दहाव्या दिवसापर्यंत पगार वाटण्याची मुभा दिली होती. ह्याचा अर्थ असा की महिन्याच्या पहिल्या तारखेस जो घास कामगाराने खाल्ला, त्याचे पैसे खाणावळवालीच्या हाती येण्यास चाळीस दिवस लागू शकत. पंधरा माणसे जेवणाऱ्या खाणावळीत चाळीस दिवसांचे धान्य, डाळ, तेल, मीठमिरची, मासळी, रॉकेल आणि दळण ह्यांचा सारा खर्च त्या बाईने आधी करावयाचा, आणि नंतर त्यातील बहुतेकांनी फेडावयाचा. बहुतेकांनी असे म्हणण्याचे कारण हे की बदली कामगाराला महिन्यातून किती दिवस काम मिळेल ह्याची शाश्वती नसे, आणि काम न मिळालेल्या दिवशीही त्याला भूक लागेच. खाडे झाले, पगार कापून आला, गावी मनिऑर्डर धाडावी लागली, की वहीत पुढच्या महिन्याची ओळ वाढे. कामगाराला लागणारे भांडवल मालकाने पुरवावयाचे, परंतु मालकाने ते चाळीस दिवस आपल्यापाशी ठेवून घेतले आणि त्याची भरपाई गिरणगावातील सर्वांत निर्धन स्त्रीने केली. मुंबईच्या कापड उद्योगाच्या ताळेबंदात हे भांडवल कोठेही दाखविलेले सापडणार नाही.

मग हे भांडवल तिने कोठून आणावे? पहिला आधार वाण्याचा. वाणी माल उधार देई, परंतु उधारीचा भाव रोखीच्या भावाहून वेगळा असे, आणि उधारीवर माल उचलणारीला तांदळाची प्रत अथवा वजनातील खोट ह्यांविषयी बोलण्याचा हक्क उरत नसे. रेशनच्या धान्यावर एवढी ताटे उठणे शक्य नव्हते. घाऊक बाजारात गोणी स्वस्त पडते हे प्रत्येकीला ठाऊक होते, परंतु गोणीचे पैसे एकरकमी हवेत. म्हणून जी दररोज पंधरा माणसांचे रांधते, तिने दररोज पायली-दोन पायली आणावी आणि गरिबीपायीच अधिक दाम मोजावा, असा हा फेरा होता. दुसरा आधार भिशीचा. आपसांत थोडे थोडे जमवून पाळीपाळीने उचलण्याची ही पद्धत सोयीची खरी, पण भिशी आपला नंबर येण्याची वाट पाहावयास लावते, आणि धान्य संपण्याला नंबर नसतो. तिसरा, आणि अखेरचा, आधार सावकाराचा.

गिरणगावातील सावकारीविषयी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या, कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले कमिशनच्या अहवालात, पगाराच्या दिवशी फाटकापाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या पठाणांचे जे वर्णन आले आहे, ते कामगाराच्या संदर्भात आहे. खाणावळवालीचा सावकार इतका दूरचा नसे. तो चाळीतलाच कोणी, कधी वाणी, कधी दागिना ठेवून घेणारा, कधी गिरणीतला मुकादम असे. दर दरमहा शेकडा दहा हा सर्रास. हा दर मनात भरावा म्हणून साधा हिशेब मांडतो: पंधराशे रुपयांचे कर्ज दरमहा शेकडा दहाने घेतले, तर महिन्याला दीडशे आणि वर्षाला अठराशे रुपये केवळ व्याजाचे होतात, म्हणजे वर्ष संपता मुद्दलाहून अधिक रक्कम देऊन मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. तेच पंधराशे रुपये दरसाल शेकडा चारने मिळाले, तर वर्षाचे व्याज साठ रुपये. अठराशे आणि साठ ह्या दोन आकड्यांमधील जे अंतर, तेच ह्या संस्थेचे क्षेत्र होय. खाणावळवालीला अंकगणित येत नव्हते अशी कोणाची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. कोणी कोणत्या दिवशी जेवला नाही, कोणी पाहुणा आणला, कोणाचे मागील किती आणि चालू किती, हे सारे पाटीपेन्सिलीवाचून तिच्या डोक्यात असे. तिला हिशेब येत होता. तिला स्वस्त दराने पैसा मिळण्याची जागा नव्हती.

अशी जागा कायद्याने अथवा सहकाराने निर्माण व्हावयास हवी होती, आणि तसे प्रयत्न झालेही होते. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांना वाट मोकळी करून दिली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला परवाना, हिशेबाची वही आणि व्याजाची मर्यादा ह्यांच्या चौकटीत आणले. परंतु पगारदारांच्या पतपेढीचा पाया पगारातून होणाऱ्या कपातीवर उभा असतो, आणि खाणावळवालीला पगार नव्हता. आणि परवानाधारक सावकाराकडे गहाण ठेवण्याजोगे जे डोरले, ते बहुधा आधीच गेलेले असे. मोठ्या बँकांची तर गोष्टच निराळी. स्थावर नाही, तारण नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जामीन राहणारा नाही, गाळा भाड्याचा आणि तोही पतीच्या अथवा दिराच्या नावावर: कर्जाच्या अर्जातील एकही रकाना जिला भरता येत नाही, अशा स्त्रीचा व्यवसाय बँकेच्या दृष्टीस पडतच नव्हता.

ह्या स्थितीत पालट होण्याची शक्यता निर्माण झाली ती १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर. राष्ट्रीयीकृत बँकांनी दुर्बल घटकांना दरसाल शेकडा चार ह्या सवलतीच्या दराने लहान कर्जे द्यावीत, त्यासाठी स्थावराचे तारण मागू नये, आणि अशा कर्जांसाठी आपल्या एकूण कर्जाचा ठराविक हिस्सा राखावा, अशी भिन्न व्याजदर योजना १९७२ साली अमलात आली. योजना कागदावर उत्तम होती. परंतु योजनेचा कागद आणि चाळीतील चूल ह्यांच्यामध्ये जाणते माणूस लागते. ते माणूस प्रेमाताई पुरव ह्यांच्या रूपाने मिळाले.

प्रेमाताईंचा जन्म १९३५ सालचा, गोव्यातला. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या लढ्यात त्या कोवळ्या वयात उतरल्या, पायाला गोळी लागून जखमी झाल्या, आणि पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी झाली. मुंबईत त्या कम्युनिस्ट पक्षाच्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करू लागल्या. बँक कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेते दादा पुरव हे त्यांचे पती. ह्या संयोगाला आम्ही विशेष महत्त्व देतो. एकाच घरात एका बाजूने गिरणगावातील चाळींचे आणि दुसऱ्या बाजूने बँकेच्या कारभाराचे ज्ञान एकत्र यावे, आणि कोणत्या योजनेत कोणते कलम आहे, ते कोणत्या टेबलावर अडते, हे माहीत असलेली माणसे हाताशी असावीत, ही गोष्ट योगायोगाची असेल. परंतु त्या योगायोगाचा उपयोग करून घेण्याची दृष्टी ही प्रेमाताईंची स्वतःची.

ती दृष्टी त्यांना एका संपाने दिली. १९७३–७४ च्या गिरणी संपाच्या बेचाळीस दिवसांत संघटनेच्या सभा, मोर्चे, पुढाऱ्यांची भाषणे ह्यांची दखल वृत्तपत्रांनी घेतली. हे दिवस महागाईचे होते. १९७२ च्या दुष्काळाची झळ ओसरली नव्हती आणि धान्य व रॉकेल ह्यांसाठी बायकांनी लाटणी घेऊन काढलेले मोर्चे शहराने नुकतेच पाहिले होते. संपकरी कामगार ह्या बेचाळीस दिवसांत जेवला कोठे, ह्याचा शोध घेणाऱ्यास खाणावळीच्या दारात यावे लागते. पगार नाही म्हणून एकाही माणसाला ताटावरून न उठविता ह्या बायकांनी उधारीवर रांधणे चालू ठेवले, आणि ते चालू ठेवण्यासाठी स्वतः दागिने मोडले, भांडी गहाण टाकली, सावकाराच्या वहीवर अंगठे उठविले. संप मिटल्यावर कामगाराच्या मागण्यांची चर्चा झाली. खाणावळवालीच्या डोक्यावरील कर्जाची चर्चा कोठल्याही वाटाघाटीत होणे शक्य नव्हते, कारण ती कोणाचीही नोकर नव्हती आणि कोणत्याही संघटनेची सभासद नव्हती. जी स्त्री संपाचा खर्च सोसते, तिची स्वतःची संघटना असली पाहिजे, हा विचार येथे उपजला.

आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे झालेल्या १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. प्रारंभी चौदा खाणावळवाल्या पुढे आल्या. चौदाच का, असे विचारण्याचे कारण नाही. एवढ्या तरी कशा आल्या ह्याचेच आश्चर्य वाटावयास हवे, कारण चाळीतील पुरुषमंडळींच्या, वाण्याच्या आणि सावकाराच्या देखत ‘आम्ही बँकेत जातो’ असे म्हणण्यास त्या दिवसांत धैर्य लागे, आणि सरकारी कागदावर अंगठा दिला की गाळा जाईल, भांडी जप्त होतील, ही भीती काही निराधार नव्हती. अंगठ्याचा त्यांचा आजवरचा अनुभव तसाच होता. बँक ऑफ बडोदाने भिन्न व्याजदर योजनेखाली ह्या चौदाजणींना प्रत्येकी पंधराशे रुपये दिले. कर्ज पतीच्या नावे नव्हते, कुटुंबाच्या नावे नव्हते. ते खाणावळ चालविणाऱ्या बाईच्या नावे, तिच्या व्यवसायासाठी म्हणून मंजूर झाले. अहमदाबादेत इला भट्ट ह्यांच्या प्रेरणेने सेवा संस्थेच्या कष्टकरी बायकांनी आदल्याच वर्षी, १९७४ साली, स्वतःची सहकारी बँक काढली होती. बांगलादेशात महंमद युनूस ह्यांनी जोब्रा गावी आपला प्रयोग आरंभिला तो १९७६ साली. लहान कर्जाचे हे तीन प्रवाह एकमेकांपासून दूर, पण जवळजवळ एकाच वेळी निघाले. आणि गिरणगावच्या प्रवाहाचे वैशिष्ट्य असे की त्याने स्वतःची बँक न काढता राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या बँकेला तिच्या कर्तव्याची आठवण करून दिली.

पंधराशे रुपयांचे झाले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या दप्तरात ‘खेळते भांडवल’ ह्या दोन शब्दांत मिळते, परंतु व्यवहारात ते पुष्कळ अधिक गुंतागुंतीचे होते. काहींनी धान्याची गोणी आणि तेलाचा डबा घाऊक बाजारातून आणला, आणि रोजच्या पायलीत जाणारा पैसा वाचविला. काहींनी मोठी पातेली, परात, दुसरा स्टोव्ह घेतला आणि चार माणसे अधिक घेतली. परंतु अनेकींनी पहिल्या कर्जातून पहिली गोष्ट केली ती सावकाराचे देणे फेडण्याची, वाण्याची जुनी बाकी चुकविण्याची. कर्ज उत्पादक कामी न लावता जुनी देणी भागविण्यात घातले, असा आक्षेप बँकेच्या शिस्तीने विचार करणाऱ्यांनी अशा व्यवहारावर नेहमीच घेतलेला आहे, आणि तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. जिच्या नफ्यातून दरमहा शेकडा दहा बाहेर वाहत आहेत, तिच्यासाठी ते भोक बुजविण्याइतकी उत्तम गुंतवणूक दुसरी कोणती? वाण्याची बाकी फिटल्याबरोबर ती रोखीने माल घेऊ लागली, भावाविषयी बोलू लागली, आवडेल त्या दुकानी जाऊ लागली. धंद्यातील स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

परतफेडीची व्यवस्था बायकांनी आपल्या ओळखीच्या रीतीवर बसविली. एकाच चाळीतल्या अथवा एकाच गल्लीतल्या बायकांचा गट करावयाचा. गटातील प्रत्येकीने इतरांसाठी जामीन राहावयाचे. विभागासाठी त्यांच्यातूनच एक प्रमुख निवडावयाची. नवी बाई कर्ज मागावयास आली, की प्रमुख तिच्या खोलीवर जाऊन चूल, भांडी आणि पंगत डोळ्यांनी पाहून येई. खाणावळ खरोखर चालते की नाही, बाई स्वतः चालविते की नवरा तिच्या नावावर पैसे उचलू पाहतो, ह्याचा निवाडा जो बँकेच्या निरीक्षकास महिनाभर खेपा घालूनही करता आला नसता, तो ती दाराशी उभी राहून करी. हप्ता पगाराच्या दिवसाला जुळता ठेवणे, आजारपणात शेजारणीने भरणा करून नंतर वसूल करणे, लग्नकार्याच्या महिन्यात आधी सांगून मुदत घेणे, अशा गोष्टींत ह्या बायकांनी जो विवेक दाखविला, त्यामुळे थकबाकीची जी भीती बँकांना होती ती खोटी ठरली, आणि चौदांच्या मागोमाग शेकडो व पुढे हजारो बायकांना कर्जाची वाट मोकळी झाली.

कर्जाच्या निमित्ताने बायका एकत्र बसू लागल्या, की बोलणे हप्त्यापाशी थांबत नाही. मारहाण करणारा नवरा, मुलीची शाळा, नळाचे पाणी, रुग्णालयातील हेलपाटे, टाकलेल्या बाईचा पोटगीचा दावा, ही सारी प्रकरणे मंडळाच्या दारी आली आणि मंडळाने ती आपली मानली. त्यांचा तपशील ह्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, तो औपचारिकरीत्या कधी मिटलाच नाही. संपाच्या पहिल्या महिन्यांत खाणावळवाल्यांनी पूर्वीप्रमाणेच उधारीवर रांधले. परंतु बेचाळीस दिवसांचा संप आणि वर्ष उलटले तरी न संपणारा संप ह्यांत मोठे अंतर आहे. कामगार गावी परतू लागले, ते काही खाणावळवालीला फसविण्याच्या हेतूने नव्हे; शहरात राहणेच अशक्य झाले म्हणून, उद्या संप मिटला की येऊन चुकते करू असे सांगून ते गेले. बहुतेकांना परत येता आले नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि वहीतील ती बाकी बुडाली. अशा वेळी ज्या बाईच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज होते तिची अवस्था काय झाली असेल, आणि जिचे कर्ज शेकडा चारचे होते तिला निदान श्वास घेण्याइतकी तरी उसंत कशी मिळाली असेल, ह्याची कल्पना वाचकाने करावी. येथेच लहान कर्जाच्या मर्यादेचेही दर्शन घडते, आणि प्रामाणिक इतिहासकाराने ते झाकू नये: स्वस्त कर्ज धंद्याला बळ देते, पण ज्या धंद्याचे गिऱ्हाईकच गावी निघून गेले तो धंदा केवळ कर्जाने उभा राहत नाही.

मंडळाने म्हणूनच दुसऱ्या वाटा शोधल्या. ज्या हातांना पंधरा माणसांचे रांधण्याची सवय होती, त्यांनी आता कार्यालयांचे, समारंभांचे आणि उपाहारगृहांचे रांधावे, ह्या विचाराने दादर येथे सामूहिक स्वयंपाकाचे केंद्र चालू झाले. मुंबईकरांना तेथील पुरणपोळी ठाऊक आहे, परंतु ती लाटणारी बाई पूर्वी एकटीने सोसत असलेली जोखीम आता संस्थेच्या शिरावर आहे, ही गोष्ट पुरणपोळीहून अधिक मोलाची मानली पाहिजे. वाशी येथे प्रशिक्षणाची आणि नोकरदार स्त्रियांच्या निवासाची सोय झाली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

कर्जाच्या कामाची धुरा पुढच्या पिढीत गेली ती पुण्यात. प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत ह्यांना बँकेतील नोकरीचा अनुभव होता. त्यांनी १९९३ साली पुण्यातील वस्त्यांमधून भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या आणि लहानसहान धंदा करणाऱ्या बायकांचे गट बांधून जे काम उभे केले, ते आज अन्नपूर्णा परिवार ह्या नावाने ओळखले जाते. ह्या वेळी वाट निराळी होती. राष्ट्रीयीकृत बँकांच्या सवलतीच्या कर्जांचा उत्साह तोवर ओसरला होता, म्हणून बायकांच्या स्वतःच्या बचतीवर आणि त्यांच्याच मालकीच्या पतसंस्थेवर भर देण्यात आला. गिरणगावच्या अनुभवातून घेतलेला धडा येथे उपयोगी पडला असे आम्हांस वाटते: कर्जदार बाईचा धंदा बुडतो तो बहुधा धंद्यातल्या चुकीने नव्हे, तर घरातील आजारपणाने अथवा मृत्यूने, म्हणून कर्जाच्या जोडीला आजारपण आणि मृत्यू ह्या प्रसंगांसाठी परस्पर साहाय्याचा निधी उभारण्यात आला, आणि कामावर जाणाऱ्या आयांच्या लेकरांसाठी पाळणाघरेही निघाली.

२००६ साली युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेस नोबेल पारितोषिक मिळाल्यावर लहान कर्जाचा जगभर बोलबाला झाला, आणि नफ्यासाठी भांडवल लावणाऱ्या कंपन्याही ह्या क्षेत्रात उतरल्या. एकाच बाईला चार कंपन्यांनी कर्ज द्यावे, एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जावा, आणि वसुलीसाठी दारात माणसे बसावीत, अशी अवस्था झाल्यावर आंध्र प्रदेशात २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. ज्यांनी शेकडा दहाचा सावकार पाहिला आहे, त्यांना ही अवस्था अपरिचित नव्हती. कर्जाची रक्कम लहान असली म्हणजे कर्ज देणारा आपोआप गरिबाचा कैवारी ठरत नाही. बाईच्या हाती महिन्याला किती पैसा कोणत्या दिवशी येतो आणि कोणत्या दिवशी जातो, हे ज्याने पाहिले तोच तिला झेपेल असे कर्ज देऊ शकतो, आणि हे पाहण्यास तिच्या चुलीपर्यंत जावे लागते.

अखेरीस एका गोष्टीकडे मंडळाच्या चालकांचे आणि सभासदांचे लक्ष वेधावयाचे आहे. बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचे जे धोरण ठरले, त्यात पात्रतेचा आधार गिरणीचे हजेरीपट हा आहे. १ जानेवारी १९८२ ह्या तारखेस अथवा त्यानंतर ज्याचे नाव पटावर होते, त्याला वा त्याच्या वारसाला अर्ज करता येतो. ज्या कामगाराने ती हजेरी लावली, त्याला त्या दिवशी कोणी जेवू घातले, हे हजेरीपटावर लिहिलेले नाही, आणि खाणावळवालीला ह्या घरांवर हक्क सांगण्यासाठी एकही कागद दाखविता येत नाही. तिचा व्यवसाय, तिचा पत्ता, तिची उलाढाल आणि तिने चुकविलेला प्रत्येक हप्ता ह्यांची नोंद असलेले दप्तर सर्व मुंबईत बहुधा दोनच ठिकाणी असेल, एक बँकेच्या त्या जुन्या शाखांत आणि दुसरे मंडळापाशी. बँका जुने दप्तर ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. तेव्हा मंडळाने आपल्या ताब्यातील कर्जअर्ज, गटांच्या याद्या, पासबुके आणि सभांची इतिवृत्ते ह्यांची विभागवार सूची करावी, ज्या सभासदांच्या घरी जुन्या उधारीच्या वह्या अजून शिल्लक असतील त्यांच्याकडून त्या मागून घ्याव्यात, आणि हे काम पन्नास वर्षांपूर्वीच्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्या साक्षीने, त्यांनीच नावे आणि आकडे तपासून द्यावेत अशा रीतीने, ह्याच वर्षी हाती घ्यावे.